अकराशे लिटरची खोली

बुरशी आधी गणिताच्या पुस्तकांवर आली, म्हणून आठवडाभर कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही.

ताई पुस्तकं बांधते. लिहीत नाही, वाचत तर अजिबात नाही. सुटलेली पानं शिवते, पाठीला खळ लावते, वर पुठ्ठा चढवते. अकरा वर्षं एका छापखान्यात स्टुलावर बसून ती हेच करत होती. मग एका कॉलेजच्या लायब्ररीनं तिला परस्पर काम दिलं. सहाशे जुनी पुस्तकं, आणि ती नीट झाली तर पुढची तीन हजार. ताईनं नोकरी सोडली आणि तिच्या घराच्या गच्चीवर आम्ही तिला एक खोली बांधून दिली.

खोली सगळी घरच्या माणसांनी बांधली, हे आम्ही तेव्हा अभिमानानं सांगायचो. हल्ली जबाब दिल्यासारखं सांगतो. बाबा गवंडी, तेव्हा भिंती त्यांच्या. भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतात, तेव्हा खिडक्या त्यांच्या. मी रंगाच्या दुकानात काउंटरला असतो, म्हणून रंग माझा. आई काही बांधत नाही. ती आम्ही बांधलेलं बघते आणि 'हं' म्हणते. या 'हं'चे सहा प्रकार आहेत, त्यातला चांगला एकच, आणि तो आम्ही अजून ऐकलेला नाही.

तर, तीन महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत, कोपऱ्यातल्या फडताळावरच्या गणिताच्या पुस्तकांना राखाडी-हिरवी लव फुटली. ताईनं पुसली. पाचव्या दिवशी ती परत आली, या वेळी भूमितीसकट. ताईनं फडताळ ओढून बाजूला केलं, तर मागे भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत बुरशी. काळपट, बारीक ठिपक्यांची, आणि दोन्ही कडा फूटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ.

"ही बुरशी आहे की पट्टा ओढलाय कुणी?" भाऊजी म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. रंगातलं काहीही असलं की घरात माझ्याकडे बघतात.

त्याच दिवशी ताईला छापखान्याच्या मालकांचा फोन आला. माणूस चांगला. म्हणाले, "तुझं स्टूल महिनाअखेरपर्यंत रिकामं ठेवतो. तोवर सांग. नंतर मला कुणीतरी बसवावं लागेल." ताईनं फोन ठेवला आणि आम्हाला स्वच्छ सांगितलं, "लोकांची पुस्तकं खाणाऱ्या खोलीत मी लोकांची पुस्तकं ठेवणार नाही. महिनाअखेरपर्यंत ही भिंत बरी झाली तर ठीक. नाहीतर मी आपली स्टुलावर."

महिनाअखेरीला सव्वीस दिवस होते.

बाबांना बोलावलं. ते आले ते ओळंबा घेऊनच. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. भिंत सरळ उभी आहे का ते त्यानं कळतं. बाबा तो पिशवीत, आणि पिशवी नसेल तर खिशात ठेवतात. त्यांनी बुरशीकडे एकदा पाहिलं, छताजवळ दोरी धरली, वजन खाली सोडलं आणि बुरशीच्या कडेला लावून एक डोळा मिटला.

"बघा," ते म्हणाले. "सुतासारखी सरळ. एवढ्या उंचीत केसाचा फरक नाही."

"बाबा, ती बुरशी आहे," ताई म्हणाली.

"बुरशी असू दे. पण ती कॉलमवर आलीय. बुरशी सरळ आहे म्हणजे कॉलम सरळ आहे. हे काम बघायला लोक लांबून येतील."

"लोक नाकाला रुमाल लावून येतील," आई म्हणाली आणि वर एक 'हं' जोडला. तिसरा प्रकार.

मग चौकशी सुरू झाली. बाबांचं म्हणणं, रोग पुस्तकांनी आणला. चाळीस चाळीस वर्षं लायब्ररीत पडलेली पुस्तकं, त्यांच्यात काय काय असेल. "तुझ्या त्या गणितानं भिंत बिघडवली." ताईचं म्हणणं, पुस्तकं चाळीस वर्षं तिथे धडधाकट होती आणि इथे तीन महिन्यांत आजारी पडली. भाऊजींनी नळाच्या पाइपवर संशय घेतला, पण त्या भिंतीत पाइपच नव्हता. नसलेल्या पाइपवर त्यांनी पुढे दोन दिवस संशय ठेवला. पावसाचं म्हणावं तर खोली बांधल्यापासून पाऊस नाही, आणि बाहेरून मी दोन हात वॉटरप्रूफ रंग दिलेला.

माझ्यावरही थोडा संशय होता. पण आमच्याकडे भांडण करायचं तर वयाच्या क्रमानं करतात, आणि मी सगळ्यात धाकटा, त्यामुळे माझा नंबर यायच्या आत जेवणाची वेळ व्हायची.

मला मात्र एक गोष्ट सुटेना. भिंत सगळी सारखी, रंग एकाच डब्यातला, मग बुरशीला रेषा कुणी शिकवली? मी डोळे मिटून भिंतीवरून तळहात फिरवला. कोमट, कोमट, कोमट, आणि एकदम गार. डोळे उघडले तर हात बुरशीवर. (हात लगेच धुतला.) म्हणजे जिथे काँक्रीटचा कॉलम तिथे भिंत गार, जिथे भिंतीचे हलके ब्लॉक तिथे नाही. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसा या कॉलमला येत होता. बुरशी घामाच्या मागावर चालली होती. सरळ चालण्याची हौस तिला नव्हती, बाबांना होती.

पण खोलीत एवढा ओलावा आला कुठून?

आमच्या दुकानात रंगाच्या कंपनीचा एक माणूस महिन्यातून एकदा येतो. त्याला सगळे 'शेडकार्ड' म्हणतात, कारण रंगछटांचं ते कार्ड तो हातातून कधी सोडत नाही. त्याला मी म्हटलं, एका मित्राच्या भिंतीला बुरशी आलीय.

"मित्राच्या," तो म्हणाला.

"हो."

"मित्राला सांग, हातभर प्लास्टिकचा चौकोन घ्यायचा. स्वच्छ, आरपार दिसणारा. भिंतीवर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारायची, हवा जायला जागा नको. दोन दिवस थांबायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर भिंत रडतेय. बाहेरच्या बाजूला आले तर माणसं."

"माणसं रडतायत?"

"माणसं ओलावा करतायत. श्वास, आंघोळ, स्वयंपाक, ओले कपडे. मित्राला बायको आहे का?"

"मित्र अजून शोधतोय," मी म्हटलं आणि एक मीटर प्लास्टिक कापून घेतलं.

आम्ही तीन चौकोन लावले. एक कॉलमवर, एक ब्लॉकच्या भिंतीवर, एक खिडकीखाली. पुढचे दोन दिवस घरात निवडणूक होती. बाबांना बाहेरचे थेंब हवे होते, ताईला आतले. बाबा समोरच्या गल्लीतल्या कामावरून दर दोन तासांनी 'सहज' गच्चीवर येत आणि प्लास्टिकला नाक लावून उभे राहत. ताईनं शेवटी त्यांना हटकलं, "बाबा, तुम्ही त्यावर श्वास सोडताय. मतपेटीत हात घालू नका."

"मी चष्मा विसरलोय म्हणून जवळून बघतोय."

"चष्मा तुमच्या डोळ्यांवर आहे."

दोन दिवसांनी निकाल लागला. कॉलमवरच्या चौकोनाला बाहेरून थेंब. ब्लॉकवरच्या चौकोनाला आतून थेंब, इतके की खालच्या पट्टीजवळ पाण्याची एक बारीक रेघ साठलेली. आणि खिडकीखालच्याला दोन्हीकडून. म्हणजे भिंतही रडत होती आणि माणसंही. दोन्ही उमेदवार निवडून आले होते.

माणसांचा शोध आधी लागला, कारण माणूस एकच होता. ताई दिवसभर त्या खोलीत एकटी असते, आणि तिच्या शेगडीवर खळीचं पातेलं असतं. मैदा आणि पाणी, सकाळी एकदा, दुपारी एकदा, रटरटत. ओल्या पाठींची पुस्तकं वाळत घातलेली. खिडक्या बंद, कारण वाऱ्यानं सुटी पानं उडतात. आणि भाऊजींनी खिडक्या अशा बसवल्या होत्या की, त्यांच्याच शब्दांत, "मुंगीला आत यायचं तर अर्ज करावा लागेल." वाफेला बाहेर जायलाही अर्जच करावा लागत होता. ती बिचारी खोलीतच फिरायची आणि थकली की गार कॉलमवर टेकायची. वर बुरशीला खायला मैद्याची खळ.

"म्हणजे मी रोज दोन वेळा तिच्यासाठी रांधत होते," ताई म्हणाली.

बाबांचा चेहरा उजळला. "मी म्हणत नव्हतो? भिंत बरोबर आहे."

"आणि आतले थेंब?" मी विचारलं.

"ते वाळतील," बाबा म्हणाले, आणि ओळंबा उचलून निघून गेले. त्यांच्या पाठीकडे बघून आईनं 'हं' केलं. पाचवा. हा ती शक्यतो वापरत नाही.

ताईनं शेगडी खाली स्वयंपाकघरात नेली आणि खिडक्या उघडल्या. पानांवर ठेवायला मी दुकानातून अर्धा अर्धा लिटरचे नमुन्याचे डबे आणून दिले. चार दिवसांत कॉलम बाहेरून कोरडा पडला. पण ब्लॉकच्या भिंतीवर तोपर्यंत नवीनच प्रकार. माझ्या रंगाला फोड आले. लिंबाएवढा एक होता, त्याला ताईनं टाचणी लावली, तर चमचाभर पाणी तिच्या हातावर. रंग फाटला नव्हता. या रंगाची जाहिरातच आहे की तो फाटत नाही, ताणतो. कंपनी खरं बोलते हे त्या दिवशी पटलं, आणि मी त्याआधी कधी एवढा खजील झालो नव्हतो. बाहेरून दोन हात, आतून दोन हात. पाण्यानं भिंतीतून कुठे जायचं, याचा विचार मी केलाच नव्हता. गिऱ्हाईक विचारत नाही, म्हणून आम्हीही करत नाही.

पण मुळात पाणी आत गेलं कसं?

मी जिन्याखाली बसून यावर विचार करत होतो आणि ज्याच्यावर बसलो होतो त्याच्याकडे माझं लक्ष गेलं. तो उरलेला ब्लॉक होता.

इथे मला बांधकामाच्या वेळचं सांगावं लागेल. ताईचं घर जुनं. गच्चीवर विटांची खोली म्हणजे फार वजन, असं इंजिनियरबाईंनी सांगितलं. त्यांनी हलके ब्लॉक लिहून दिले, पांढुरके, आतून बारीक छिद्रांचे, विटेच्या मानानं अगदीच हलके. बाबांनी आयुष्यात तोवर वीटच लावलेली. आणि विटेचा एक नियम आहे, तो बाबांना त्यांच्या वडिलांनी सांगितला: वीट टाकीत बुडवायची, बुडबुडे येतात, ते थांबले की वीट लावायची. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी पिते आणि सांधा कच्चा राहतो. बरोबर नियम आहे. विटेसाठी.

बाबांनी ब्लॉक टाकीत टाकला. तो तरंगला.

दुसरा माणूस इथे थांबला असता. बाबांनी त्यावर फळी ठेवली, फळीवर दगड ठेवले. दगड घसरले. मग त्यांनी मला बोलावलं. माझी नेमणूक वजन म्हणून झाली. त्या आठवड्यात मी दुकानातून सुट्टी काढून ब्लॉकांच्या एकेका खेपेवर फळी टाकून बसायचो, पायाखाली बुडबुड बुडबुड, हातात मोबाइल. बाबा दर तासाला येऊन विचारायचे, "थांबले का?" मी खाली बघून म्हणायचो, "नाही." वीट अर्ध्या तासात गप्प होते. ब्लॉक दोन दिवस बोलत राहिला. बाबा खूश झाले. म्हणाले, "पाणी पितो म्हणजे माल चांगला आहे."

आणि मी, ज्याला सगळ्यात जास्त वेळ त्या बुडबुड्यांवर बसायला मिळालं, त्यानं एकदाही विचारलं नाही की हे सगळं पाणी जातंय कुठे.

मी आंघोळीच्या खोलीतला वजनकाटा आणला. आधी मी, नुसता: अठ्ठावन्न किलो. मग ब्लॉक छातीशी धरून: साडेअडुसष्ट. म्हणजे ब्लॉक साडेदहा किलोचा. मग ताईच्या अंगणातल्या पिंपात पाणी भरून तो बुडवला. वर पाट, पाटावर पाण्यानं भरलेली कळशी. मी पुन्हा बसायला तयार नव्हतो.

बाबा संध्याकाळी आले. ते पिंपाजवळ थांबले. मग खुर्ची ओढून बसले.

"कशासाठी हे?"

"बघतोय."

"काय बघतोयस?"

"किती पितो ते."

बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. बुडबुडे येतच होते, दमानं, गोष्ट लांबवणाऱ्या माणसासारखे.

"ती पोरगी म्हणाली होती," ते हळूच म्हणाले.

"कोण पोरगी?"

"इंजिनियरबाई. म्हणाली होती, काका, हे भिजवायचे नाहीत, लावताना नुसता वरून हबका मारा. मी हो म्हटलं." त्यांनी पाटावरची कळशी सरळ केली. "मनात म्हटलं, हिनं किती भिंती बांधल्यात?"

"मग?"

"मग काय, मी किती ब्लॉक लावलेत ते नाही मोजलं."

दोन दिवसांनी आम्ही ब्लॉक बाहेर काढला, निथळू दिला आणि मी तो घेऊन काट्यावर चढलो. सगळे अंगणात जमले होते.

"त्र्याहत्तर," भाऊजींनी वाचलं.

"याचं परवापासूनचं खाणं वजा केलंत का?" बाबांनी विचारलं. ही त्यांची शेवटची आशा होती. मी ब्लॉक खाली ठेवून पुन्हा चढलो. अठ्ठावन्न. म्हणजे ब्लॉक पंधरा किलोचा झाला होता, आणि एकेका ब्लॉकच्या पोटात साडेचार लिटर पाणी.

"खोलीला ब्लॉक किती लागले?" ताईनं विचारलं.

बाबांना हा आकडा पाठ असतो. "अडीचशे."

ताईनं पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं गुणाकार केला. मग तो पुठ्ठा तिनं आम्हाला दाखवला. अकराशे पंचवीस. आम्ही सगळ्यांनी एकदमच मान वर करून बघितलं. गच्चीवर, खोलीच्या शेजारी, घराची पाण्याची टाकी आहे. काळी, गोल, हजार लिटरची.

"म्हणजे आपण हिला दुसरी टाकी बांधून दिली," भाऊजी म्हणाले. "चौकोनी. आणि मी तिला खिडक्या बसवल्या."

"वजन नको म्हणून हलके ब्लॉक घेतले होते," ताई म्हणाली.

"टनाहून जास्त पाणी चढवलं आपण वर," मी म्हटलं. "आणि सांडू नये म्हणून मी दोन्ही बाजूंनी झाकण लावलं."

आई काहीच म्हणाली नाही. 'हं'सुद्धा नाही. बाबा उठले, ब्लॉकवर हात ठेवला, जसा एखाद्या जनावराच्या पाठीवर ठेवतात, आणि निरोप न घेता घरी गेले.

महिनाअखेरीला तेरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ते दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवर गेलो तर बाबा खोलीत होते, तोंडाला फडकं बांधून, हातात पत्र्याची पट्टी, आणि माझा रंग भिंतीवरून सालीसारखा सोलत होते. मोठमोठे तुकडे निघत होते. एक तर पडद्याएवढा.

"रंगारी," ते फडक्यातून म्हणाले, "तुझा रंग चांगला आहे रे. मेल्याशिवाय सोडत नाही."

"बाबा, पुस्तकं?"

"खाली नेली. तुझ्या भाऊजीच्या पलंगावर."

भाऊजी मागून म्हणाले, "मी जमिनीवर झोपलो. इतिहासाला जागा कमी पडत होती."

त्या आठवड्यात मी आतला रंग काढायला मदत केली आणि बाहेरचाही एका बाजूचा खरवडला. इंजिनियरबाईंना बाबांनी स्वतः फोन केला. मी शेजारी उभा होतो. बाबा म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आता काय करू?" पलीकडून त्यांनी बाबांना ते पुन्हा सांगायला लावलं. बहुधा हे वाक्य त्यांनी त्यांच्या धंद्यात पहिल्यांदाच ऐकलं असावं. मग त्यांनी सांगितलं: भिंत उघडी ठेवा, श्वास घेऊ द्या, वाळल्यावर चुन्याचा हात द्या, प्लास्टिकचा रंग नको. फडताळ भिंतीपासून वीतभर लांब. आणि हवा खेळायला वर एक झरोका.

"किती दिवसांत वाळेल?" बाबांनी विचारलं. ऐकून घेतलं, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" ताईनं विचारलं.

"चार महिनेही लागतील, सहाही. नक्की तिलाही माहीत नाही. मलाही नाही."

बाबांच्या तोंडून 'मलाही नाही' मी पहिल्यांदा ऐकलं. ते वाक्य बोलून झाल्यावर ते स्वतःच जरा दचकल्यासारखे दिसले.

पुस्तकं ताईनं मोकळ्या हवेत सावलीत उभी केली आणि मऊ ब्रशनं एकेक झाडली. झाडताना आम्हा सगळ्यांना जिन्याखाली हाकललं होतं. सहाशेतली अकरा अगदीच गेली. ती तिनं लायब्ररीच्या बाईंना फोन करून सांगितली, नावानिशी, कारणासकट. बाई म्हणाल्या, त्यातली नऊ पंचवीस वर्षांत कुणी नेलेली नाहीत, पण सांगितलंत हे बरं केलंत.

प्लास्टिकचे चौकोन आम्ही दर दोन दिवसांनी नव्यानं लावत होतो. बाहेरची बाजू आता कायम कोरडी. आतल्या बाजूला थेंबांच्या ऐवजी नुसतं धुकं. धुकं म्हणजे काय, यावर मतभेद होते. भाऊजी म्हणायचे, सुधारणा. ताई म्हणायची, ओल. बाबा भिंतीसमोर हात मागे बांधून उभे राहायचे. चाळीस वर्षं प्रत्येक नव्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारलेला माणूस; भिंतीपुढे नुसतं उभं राहायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. एकदा मी बघितलं, त्यांचा हात आपोआप पाण्याच्या पाइपकडे गेला होता. मी खाकरलो. त्यांनी तोच पाइप उचलून पाय धुतले.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. सकाळपासून बाबा झरोका पाडत होते. छताच्या खाली, ब्लॉकच्या भिंतीत, आरपार. हे त्यांचं स्वतःचं बांधकाम होतं, आणि त्याला एक भेगही नव्हती. छिन्नी टेकवून ते हातोडा उचलायचे, थांबायचे, छिन्नी अर्धं बोट सरकवायचे, परत थांबायचे.

"बाबा, भोकच पाडायचंय," ताई खालून म्हणाली. "त्यालाही ओळंबा लावणार का?"

"भोकसुद्धा चौकोनी पाहिजे," ते म्हणाले, आणि पहिला घाव घातला.

अकरा वाजता मालकांचा फोन आला. ताईनं बाबांकडे बघून हात वर केला. हातोडा थांबला. भाऊजी खिडकीची काच धरून उभे होते, ते तसेच राहिले. मी कोपऱ्यात नवा चौकोन सोलत होतो. ताई फोन कानाला लावून माझ्याजवळ आली आणि त्या प्लास्टिकवरून बोट फिरवलं. बाहेरून: कोरडं. उलटं करून आतून: बोटाला ओल लागली. थोडी. पण लागली.

"हो मालक," ती म्हणाली. "नाही, नाही वाळली अजून... अर्धी. अर्धी वाळलीय. माझ्या बाजूची वाळली, बाबांच्या बाजूची राहिलीय." ती ऐकत राहिली. "नाही. स्टूल दुसऱ्या कुणाला द्या... हो, कळतंय मला. तोवर गच्चीत बसेन, सावलीला कापड बांधेन. पुस्तकं खालीच राहतील... नवरा? नवरा जमिनीवर झोपतो. त्याची सवय झालीय त्याला."

भाऊजींनी काच तशीच धरून एका हातानं कंबर चोळली.

ताईनं फोन ठेवला. बाबा स्टुलावर उभे होते, केसांत, भुवयांत, मिश्यांत पांढरी पूड. त्यांनी खाली बघून विचारलं, "आणि सहा महिन्यांनीही नाही वाळली तर?"

"तर आणखी एक भोक पाडा," ताई म्हणाली.

बाबांनी मान हलवली. मग खिशातून खडू काढला, पलीकडच्या भिंतीवर त्याच उंचीला एक चौकोन आखला, मागे सरून तो सरळ आलाय का ते बघितलं, आणि परत पहिल्या भोकाकडे वळले.